अंबरनाथाचें देऊळ कोणीं बांधलें?

(वांगणी येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महाशिवरात्र जवळ आली कीं आपल्या वांगणीचीं, बदलापूरकडचीं, डोंगराखालच्या वाड्यापाड्यांतलीं माणसें अंबरनाथास जायला निघतात. हातांत बेल, लोट्यांत दूध, कडेवर मूल. आगगाडींतून उतरून पायीं चालायचें, रांगेंत तासन्‌तास उभें राहायचें, पायऱ्या उतरून पिंडीवर पाणी घालायचें आणि घरीं परत यायचें. अशा परत आलेल्या माणसास विचारा, "बाबा, हें देऊळ कोणीं बांधलें?" तो लगेच सांगेल, "पांडवांनीं. एका रात्रींत बांधलें. उजाडलें म्हणून शिखर अपुरें राहिलें."

आजचें आमचें बोलणें या एका उत्तराविषयीं आहे. हें उत्तर खोटें आहे, आणि त्याच्या खोटेपणाचा तोटा दुसऱ्या कोणास नाहीं, तुम्हां-आम्हां कष्टकऱ्यांस आहे, एवढेंच आम्हांस तुमच्यापुढें मांडावयाचें आहे. कोणाची भक्ति मोडण्याचा आमचा हेतु नाहीं. पिंडीवर पाणी घालणाऱ्यानें खुशाल घालावें. पण शेतकरी बियाणें घेतांना मूठभर हातावर घेतो आणि पोंचट दाणा फुंकून टाकतो. बायामाणसें मडकें घेतांना टिचकी मारून वाजवून घेतात. चार पैशांचें मडकें जर आपण वाजवून घेतों, तर वाडवडिलांची गोष्ट न वाजवितां कां घ्यावी?

आधीं देऊळ डोळ्यांपुढें आणूं. वालधुनी नदीच्या कांठीं तें उभें आहे. सगळें काम काळ्या पाषाणाचें. मोठें दार पश्चिमेस, आणखी एक उत्तरेस, एक दक्षिणेस. दारापुढें नंदी. आंत कोरीव खांबांचा मंडप. मंडपांतून सुमारें २० पायऱ्या खालीं उतरलें म्हणजे गाभारा. गाभाऱ्याच्या डोक्यावर शिखर उघडें आहे, तेथून आभाळ दिसतें. बाहेरच्या भिंतीला खालीं हत्तींची ओळ आणि वर देवादिकांच्या मूर्ति: महिषासुरमर्दिनी आहे, नाचणारा शंकर आहे, दाढीवाला ब्रह्मदेव आहे. शिखराची ठेवण अशी कीं, लहान लहान शिखरें माळेंतल्या मण्यांसारखीं एकावर एक रचीत वर नेलीं आहेत. या ठेवणीस जाणते लोक 'भूमिज' म्हणतात. माळव्यांत उदयपूर म्हणून गांव आहे. तेथलें उदयेश्वराचें देऊळ १०८० सालीं पुरें झालें. आपल्या नाशिक जिल्ह्यांत सिन्नरास गोंदेश्वराचें देऊळ आहे. तींही दोन्ही याच घाटाचीं. जी ठेवण माळव्यांत दिसते, सिन्नरास दिसते आणि वालधुनीच्या कांठींही दिसते, ती एका रात्रीच्या चमत्काराची नसते. ती बापानें लेकास, उस्तादानें शागीर्दास शिकविलेली, गांवोगांव पायीं चालत गेलेली विद्या असते.

आतां एक धोंडा भिंतींत कसा जाऊन बसतो तें मनांत आणा. तुमच्यांत पाथरवट आहेत, वडार आहेत, लोहार आहेत. हें आमच्यापेक्षां तुम्हांस अधिक ठाऊक.

खाणींत आधीं खडकाची शीर ओळखावी लागते. ती न ओळखतां घण घातला तर चार दिवसांची मेहनत फुकट जाते. शिरेवर भोंकें पाडून पाचरी ठोकायच्या. धोंडा सुटला कीं पहारींनीं उलथायचा, ओंडक्यांवरून सरकवीत गाड्यावर घालायचा. जोड्यांवर जोड्या जुंपल्या तरी चढावर गाडा मागें येतो. कामावर आणल्यावर सूत धरून, गुण्या लावून तो तासायचा. काळ्या पाषाणावर छिन्नीची धार टिकत नाहीं. म्हणून जवळच लोहाराचा भाता दिवसभर चालू पाहिजे. भात्याला कोळसा पाहिजे, आणि कोळशासाठीं रानांत राबणारीं माणसें पाहिजेत. सुतारानें परांची बांधायची, कोणी दोर वळायचे, कुंभारानें पाण्याचीं मडकीं द्यायचीं. एवढ्या माणसांच्या भाकरीसाठीं पहांटे जातीं फिरलीं पाहिजेत. तीं बायकांनीं ओढायचीं. आणि जात्यांत जो दाणा पडतो, तो आसपासच्या शेतकऱ्याच्या खळ्यावरचा असतो. त्यांत आपल्या कोंकणांत पावसाचे चार महिने. सरींवर सरी कोसळत असतांना निसरड्या परांचीवर धोंडा चढत नाहीं.

असा एक धोंडा. असे किती धोंडे त्या देवळांत आहेत तें यंदां रांगेंत उभे असतां मोजून पाहा. मोजणें सोडून द्याल, इतके आहेत. "पांडव आले आणि एका रात्रींत बांधून गेले," असें ज्या घडीस आपण म्हणतों, त्या घडीस या सगळ्यांची मजुरी बुडते. पाथरवटाची बुडते, लोहाराची बुडते, गाडीवानाची बुडते, जातें ओढणाऱ्या बाईची बुडते. सावकारानें मजुरी बुडविली तर आपण त्यास शिव्या देतों. येथें तर आपणच आपल्या आज्या-पणज्यांची बुडवितों, आणि वर हात जोडतों!

आतां तोंडच्या गोष्टीस अक्षराची साक्ष लावून पाहूं.

या देवळाच्या उत्तरेकडच्या दाराच्या आंतल्या अंगास, वरच्या तुळईवर, एक लेख कोरलेला आहे. भाषा संस्कृत, लिपि नागरी. त्यांत शक ९८२ घातला आहे, म्हणजे इसवी सन १०६०. त्यांत महामंडलेश्वर माम्वाणि याचें नांव आहे. यालाच इतिहासांत मुम्मुणि म्हणतात. हा शिलाहार घराण्याचा राजा. या शाखेचें राज्य उत्तर कोंकणांत होतें, आणि आपलें ठाणें, त्या वेळचें श्रीस्थानक, ही तिची राजधानी. लेखांत मुम्मुणीचा वडील भाऊ छित्तराज याचेंही नांव आलें आहे. छित्तराजाच्या नांवाचें हें देवालय मुम्मुणीच्या राज्यांत शके ९८२ मध्यें पुरें झालें, असें पंडित मानतात. छित्तराजाचा एक ताम्रपट भांडुपाजवळ सांपडला. त्यावर शक ९४८, म्हणजे सन १०२६ आहे. या दोघां भावांच्या मध्यें तिसरा भाऊ नागार्जुन यानेंही राज्य केलें. म्हणजे तीन भावांच्या राजवटी येथें डोळ्यांपुढून जातात. यांत एका रात्रीचा हिशेब कोठें बसतो तें तुम्हीच सांगा.

या लेखाचीही एक गोष्ट आहे, ती शाळेंत मुलें धाडणाऱ्या प्रत्येक आईबापानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गेल्या शतकाच्या मागल्या शतकांत डॉक्टर भाऊ दाजी लाड म्हणून मोठे विद्वान मुंबईस होऊन गेले. त्यांनीं हा लेख वाचला, आणि त्यांस त्यांत शक ७८२ दिसला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासला, आणि आंकडा ९८२ असल्याचें दाखवून दिलें. एका आंकड्याच्या वाचण्यानें देऊळ २०० वर्षें अलीकडे आलें. काळा पाषाण, झिजलेलें अक्षर, आणि वाचणारे पंडित. तरी पुन्हां तपासावें लागलें. मग सावकाराच्या वहींतला आंकडा, सात-बाराच्या उताऱ्यावरचें क्षेत्र, मजुरीच्या कागदावरची बेरीज एकदांच, आणि तीही दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहून कसें चालेल? एकाच्या जागीं सात पडला तर पंडितांच्या सभेंत वाद होतो. आपल्या घरांत पडला तर बैल विकावा लागतो.

भाऊ दाजी आणि भगवानलाल हे दोघेही ब्राह्मण होते, हें आम्ही मुद्दाम सांगतों. आमचें भांडण विद्येशीं नाहीं, आणि विद्या मोकळ्या मनानें वाटणाऱ्या माणसाशींही नाहीं. आमचें भांडण आहे तें विद्या पेटींत घालून किल्ली कमरेला लावणाऱ्याशीं. १८६८ सालीं मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतले विद्यार्थी या देवळाशीं आले, त्यांनीं भिंतींचीं मापें घेतलीं, नक्षीचीं चित्रें काढलीं, मूर्तींचे साचे घेतले. पाथरवटाच्या कामापुढें शाळा शिकावयास बसली, असा तो प्रसंग. आपल्या मुलांस आपण त्या भिंतीपुढें कधीं असें बसविलें आहे काय?

आतां दुसरी बाजू. तुळईवरचा लेख खरें सांगतो, पण सगळें सांगत नाहीं. त्यांत राजाचीं बिरुदें आहेत, त्याच्या अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. धोंडा फोडणाऱ्याचें, कोरणाऱ्याचें, वाहणाऱ्याचें नांव त्यांत नाहीं. भांडुपाच्या त्या ताम्रपटाची तीच तऱ्हा. त्यांत छित्तराजानें साष्टी भागांतल्या नौर गांवचें एक शेत एका ब्राह्मणास दान दिलें, असा मजकूर आहे. देणारा राजा त्यांत कळतो, घेणारा ब्राह्मण कळतो, शेताच्या चतुःसीमा कळतात. त्या शेतांत गुडघाभर चिखलांत उभें राहून आवणी कोणीं केली, तें मात्र कळत नाहीं. तांब्यावर लिहिणाऱ्यास तें लिहिण्यासारखें वाटलें नाहीं.

सर्व काळीं असेंच होतें असें मात्र समजूं नका. बोरिवलीपलीकडे डोंगरांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. तेथलीं कितीएक लेणीं आपल्या अंबरनाथाच्या देवळाहून शेंकडों वर्षें जुनीं. तेथें खडकांत कल्याणच्या एका सोनाराचें नांव कोरलेलें आहे. सामिदत त्याचें नांव. त्यानें पाण्याचें टांकें दिलें. कल्याणच्याच एका लोहाराचें, नंदाचें, नांव आणि दान तेथें आहे. कल्याण आपल्यापासून लांब नाहीं. तेथल्या सोनारा-लोहारांनीं आपल्या कमाईंतून दान दिलें, आणि आपल्या धंद्यासकट आपलें नांव खडकावर घातलें. धंदा लिहिण्याची त्यांस लाज वाटली नाहीं.

नाशिकाकडे पाहा. तेथल्या लेण्यांस लोक 'पांडवलेणीं' म्हणतात. तेथेंही पांडव नाहींत. तेथल्या एका लेखांत असें आहे कीं, नहपान राजाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीकडे २०००, दरमहा शेंकडा १ व्याजानें. दुसरीकडे १०००, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. त्या व्याजांतून लेण्यांतल्या भिक्षूंच्या वस्त्रांची व वरखर्चाची सोय व्हावयाची. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. राजाचा जांवई ज्यांच्या हातीं विश्वासानें पैसा ठेवी, ते आपले विणकर होते! आज विणकराचा लेक कर्जासाठीं पेढीच्या पायऱ्या झिजवितो, आणि त्याला हें ठाऊकही नसतें कीं एके काळीं त्याच्या संघाचीच पेढी होती. कां ठाऊक नसतें? कारण आम्हीं त्या लेण्यांस पांडवांचें नांव देऊन टाकलें.

म्हणजे आपल्या वाडवडिलांचें नांव दोनदां पुसलें गेलें. एकदां लिहिणाऱ्यानें लिहिलें नाहीं म्हणून, आणि दुसऱ्यांदां आपण स्वतः पांडवांच्या नांवानें चढविलें म्हणून. पहिलें आपल्या हातचें नव्हतें. दुसरें आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, नांवानें काय पोट भरतें? देऊळ कोणीं का बांधलें असेना!" पोट भरत नाहीं हें खरें. पण ज्या पोरास लहानपणापासून सांगितलें कीं मोठीं कामें देव करितात, पांडव करितात, राजे करितात, तें पोर आपल्या हाताकडे कसें पाहील? धोंडे फोडणारा म्हणजे अडाणी, माती तुडविणारा म्हणजे हलका, असेंच त्यास वाटणार. आणि ज्यास आपल्या हातांची लाज वाटते, तो मजुरी मागतांनाही मान खालीं घालतो. अंबरनाथाची भिंत दाखवून त्यास सांगा, "बाळा, हें आपल्यासारख्यांनीं केलें." मग त्याची मान कशी राहते तें पाहा.

पूजेकडे वळूं. शंकराच्या पूजेस काय लागतें? पाणी आणि बेलाचें पान. पाणी नदीचें, पान रानाचें. दोहोंसही पैसा पडत नव्हता. महाराष्ट्रांत गांवोगांव शंकराच्या देवळांत पूजा करणारा बहुतकरून गुरव असतो. तो ब्राह्मण नव्हे. झाडलोट, दिवाबत्ती, बेल आणणें, पत्रावळी लावणें हीं त्याचीं कामें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं. कुंभाराची पणती, तेल्याचें तेल, माळ्याचीं फुलें, गुरवाचा बेल, शेतकऱ्याचा नैवेद्य, अशी ती पूजा. देऊळ ज्या हातांनीं झालें, त्याच हातांच्या मालावर त्याची पूजाही चालली. श्रावणांतले सोमवार आणि महाशिवरात्रीची रात्र या जत्रांस पत्रिका पाठवावी लागत नाहीं. माणसें आपण होऊन येतात.

जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला, तो हेंच सांगावयास कीं निर्मिक आणि त्याचीं लेकरें यांच्यामध्यें दलाल नको. आईला भेटावयास लेकरास मध्यस्थ लागत नाहीं. अंबरनाथाच्या गाभाऱ्यांत उतरतांना हें आठवा. वीस पायऱ्या प्रत्येकानें आपल्याच पायांनीं उतरायच्या असतात. पाटील असो, मजूर असो, पायरीला दोघे सारखेच.

पण ही सारखेपणाची पायरी पुष्कळांस पुष्कळ काळ मिळाली नाहीं, हेंही आपण सांगितलें पाहिजे. नाहीं तर आपणही त्या ताम्रपट लिहिणाऱ्यासारखे ठरूं. महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं ज्या जातींनीं धोंडे वाहिले, त्यांसच देवळाचें दार बंद होतें. आणि तें बंद ठेवण्यांत नुसते भटजी नव्हते. आपण शेतकरी-कारागीर म्हणविणारेही दाराशीं काठी घेऊन उभे होतों. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडच्या तळ्याचें पाणी घेतलें, तेव्हां अंगावर धांवून गेलेले कोण होते? २ मार्च १९३० रोजीं नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनीं तो वर्षानुवर्षें चालविला, तरी दार उघडलें नाहीं. मे १९४७ मध्यें साने गुरुजींनीं उपास केला तेव्हां पंढरपूरचें विठ्ठलाचें दार उघडलें. त्याच सालीं मुंबई सरकारनें मंदिरप्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली. पुढें पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क गेले. जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शेवटचा शिक्का मारला.

हें सगळें आम्ही एवढ्यासाठीं सांगतों कीं, "देऊळ कोणीं बांधलें" या प्रश्नाच्या पोटांत "देवळांत कोणीं जावें" हा प्रश्न लपलेला असतो. देऊळ पांडवांचें म्हटलें कीं त्यांच्या नांवानें कोणीही किल्ली घेऊन बसतो. देऊळ कष्टकऱ्यांचें म्हटलें कीं कोणास बाहेर ठेवणार? वडाराच्या पोरास? महाराच्या पोरास? कातकऱ्याच्या पोरीस? त्यांच्याच आज्यानें तो धोंडा वर चढविला असेल!

आतां आजची गोष्ट. ज्या नदीचें पाणी पिंडीवर घालीत, ती वालधुनी आज काय झाली आहे तें तुम्हांस माहीत आहे. काकोळ्याकडच्या डोंगरांतून ती निघते, देवळाच्या अंगावरून जाते, उल्हासनगरांतून कल्याणाकडे उल्हास नदीच्या खाडीस मिळते. कारखान्यांचें सांडपाणी आणि वस्तीचीं गटारें तिच्या पोटांत सोडलीं गेलीं. नोव्हेंबर २०१४ मध्यें उल्हासनगरास तिच्यांत रात्रीं रसायन ओतलें गेलें, आणि कांठच्या वस्तींतलीं शेंकडों माणसें गुदमरून दवाखान्यांत न्यावीं लागलीं. ती कोणाची वस्ती? गरिबांचीच. आपली उल्हास नदी अजून आपल्या वांगणीवरून वाहते, तिच्यावर आपलीं भाजीचीं वाफीं आहेत, तिच्या पाण्यावर खालचीं शहरें जगतात. वालधुनीचें झालें तें उल्हासचें व्हावयास फार वर्षें लागत नाहींत. पिंडीवर लोटाभर दूध घालायचें आणि नदींत पिंपभर विष पाहून गप्प बसायचें, याला भक्ति म्हणतां येणार नाहीं.

देवळाच्या धोंड्याचीही काळजी आहे. साडेनऊशें वर्षें त्यानें कोंकणचा पाऊस खाल्ला. नक्षी झिजली आहे, कितीएक मूर्तींचीं तोंडें ओळखूं येत नाहींत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत देऊळ आहे, तरी खात्याचा एक पहारेकरी आणि जत्रेंतले लाखों हात, यांत कोण भारी? कोणी मूर्तीस तेल फांसतो, कोणी कोरीव खांबावर कापूर पेटवितो, कोणी भिंतीवर नारळ आपटतो, कोणी खिळ्यानें आपलें नांव कोरतो. ज्यानें देऊळ घडविलें त्यास स्वतःचें नांव कोरतां आलें नाहीं, आणि त्याच्या कामावर आपण आपलें नांव ओरबाडायचें, हा कोणता न्याय?

म्हणून यंदां महाशिवरात्रीस जाणाऱ्यांस आमच्या पांच गोष्टी सांगणें आहेत.

पहिली: मुलांस घेऊन जा, मुलींस अवश्य न्या. आंत जाण्याची घाई करण्याआधीं देवळास एक फेरी घाला. हत्तींची ओळ दाखवा. एक हत्ती दुसऱ्यासारखा आहे कीं वेगळा, तें मुलांस शोधूं द्या.

दुसरी: उत्तरेकडच्या दारीं लेख आहे, हें त्यांस सांगा. शके ९८२, मुम्मुणि राजा, एवढें तोंडपाठ करून घ्या. आणि मग विचारा, "ज्यांनीं हात लावला त्यांचें नांव यांत कां नाहीं?" उत्तर त्यांचें त्यांस शोधूं द्या.

तिसरी: पाणी आणि बेलाचें पान एवढ्यावर पूजा करा. बेल रानांतल्या ठाकूर-कातकरी बाईकडून घ्या, आणि घासाघीस करूं नका. कर्ज काढून अभिषेक करूं नका. उरलेल्या पैशांत मुलाची एक वही येते, पाटी येते.

चवथी: मूर्तीस तेल, शेंदूर, कापूर लावूं नका, नारळ भिंतीवर फोडूं नका. नदींत पिशव्या, फुलें, पत्रावळी टाकूं नका. घरून नेलेलें घरीं आणा.

पांचवी: घरीं आल्यावर म्हातारीनें पांडवांची गोष्ट सांगितली तर तिच्यावर ओरडूं नका. गोष्ट म्हणून ऐका, गोष्टीला गोडी आहे. पण ती संपली कीं दुसरी सांगा. खाणींतल्या पाथरवटाची, भात्यापुढच्या लोहाराची, चढावर गाडा लोटणाऱ्या गाडीवानाची, आणि पहांटेच्या जात्यावरच्या बाईची. त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. त्यांचें काम मात्र रोज ऊन-पावसांत उभें आहे, आणि तें पाहावयास तिकीट पडत नाहीं.

वांगणींतला जो पाथरवट, वडार, लोहार, सुतार येथें बसला आहे, त्यास आमची आणखी एक विनंति. जत्रेच्या दिवशीं गर्दी असते. म्हणून जत्रा झाल्यावर एक रविवार मोडा आणि आमच्या शाळेंतल्या मुलांसोबत अंबरनाथास चला. धोंड्यावर छिन्नी कशी चालली, जोड कोठें बसविला, भार कोणत्या खांबावर आला, तें आम्हां मास्तरांस सांगतां येत नाहीं. तें तुम्हांस सांगतां येतें. त्या दिवशीं शिकविणारे तुम्ही, आणि आम्ही मुलांमध्यें खालीं बसूं.